पहिली आरोळी

मिस व्हर्नांनी लांब काट्याने मटणाचा खांदा उलटा केला आणि त्यावर व्हिनेगर-मिरचीचं पाणी मारलं. धूर सरळ डोळ्यांत आला. डोळे पुसायला त्यांनी ॲप्रनचं टोक उचललं. ॲप्रन त्यांच्या नवऱ्याचा, ऑरिनचा होता, घोट्यापर्यंत येणारा. (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात.) जत्रेतली ही भट्टीही ऑरिनचीच. जूनमध्ये तो गेला. भट्टी आता कुणाकडे सोपवायची, याचा चर्चच्या मंडळींना प्रश्न पडला होता. मग मिस व्हर्ना पहाटेच येऊन उभ्या राहिल्या आणि प्रश्न मिटला. राज्याच्या सिनेटमध्ये इतकी वर्षं काढलेल्या बाईला सरका म्हणायची कुणाची छाती आहे?

लाइल गेन्स मैदानातून घाईघाईने आला. त्यांच्या प्रचाराचं सगळं हाच बघतो. भट्टीपासून चार हात लांब उभा राहून त्याने टाय सैल केला.

"मिस व्हर्ना, बातमी चांगली आहे."

"मग तोंड एवढं लांब का?"

"उकडतंय. ऐका ना. आज तुमच्या भाषणात कुणी ओरडणार नाही. फादर दोन्ही बाजूंशी बोललेत. सगळ्यांनी कबूल केलंय."

मिस व्हर्नांचा काटा हवेतच थांबला.

"का म्हणून?"

"ऑरिन गेले म्हणून. दुखवटा."

आता हे बाहेरच्याला चांगलंच वाटेल. पण आमच्या सेंट ब्रेंडनच्या जत्रेची रीतच वेगळी. मैदानाच्या मधोमध दोर बांधायचा, एका पक्षाचे डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे. मंचावर उभा राहील त्याच्यावर पलीकडच्यांनी घसा फाटेस्तोवर ओरडायचं, आणि त्याने न अडखळता उत्तरं द्यायची. केंटकीच्या आमच्या या टोकाला त्याशिवाय कुणी निवडून येत नाही. दंतवैद्य हॅस्केल दर निवडणुकीला उभा राहतो. तो बोलायला लागला की लोक शांतपणे उठून लिंबू-सरबत आणायला जातात. त्याला कुणी एक शब्द टाकून बोलत नाही बिचाऱ्याला.

आणि मिस व्हर्नांवर पहिली आरोळी नेहमी ऑरिनची असायची. तो जन्माने पलीकडच्या पक्षाचा, मरेपर्यंत तिकडचाच. हातात काटा घेऊन दोराला टेकायचा आणि भसाड्या आवाजात ओरडायचा, "व्हर्ना, हे सगळं मी सकाळी नाश्त्याला ऐकलंय!" मग बाकीचे सुटायचे. आपल्या घरातच एक मत आपल्या विरोधात पडतं, हे मिस व्हर्ना राजधानीत मान ताठ करून सांगायच्या.

"अजून ऐका," लाइल म्हणाला. "पलीकडचा रसेल पेनिक पुढच्या वर्षी उभा राहत नाहीये. नुकत्याच विधवा झालेल्या बाईसमोर उभं राहायचं म्हणजे त्याच्या आईला पटत नाही. जागा आयती चालून आलीये. वर जा, ऑरिनबद्दल दोन शब्द बोला, आभार माना, बसा. पुढची चार वर्षं आपली."

"आणि समोर कोण?"

"हॅस्केल."

मिस व्हर्ना हसल्या नाहीत. "रसेल उभा राहिला तर?"

लाइलने बुटाने गवत उकरलं. "तर काही खरं नाही. मागच्या खेपेला आपण कसेबसे निसटलो. त्याने गावची शाळा बंद होऊ दिली नाही. माझी आईसुद्धा त्याचं नाव घेते."

"तुझी आई नेहमीच शहाणी होती," असं म्हणून त्यांनी काटा त्याच्या हातात दिला आणि ॲप्रनची गाठ सोडायला घेतली.

दुपारी फादरांनी त्यांचं नाव पुकारलं. मंचाच्या पायऱ्या चढताना त्यांनी सवयीने उजवीकडे, दोरापलीकडे पाहिलं. माणसं उभी होती, टोप्या हातात घेऊन. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, तर आईने त्याचं तोंड खांद्यात दाबलं. इतकी शांतता ऑरिनच्या मातीलाच होती.

"मित्रांनो," त्या म्हणाल्या, "आणि पलीकडच्या लोकांनो."

यावर दर वर्षी शिट्ट्या यायच्या. आज टेबलांवरचे पंखे तेवढे घरघरत होते.

त्यांनी पलीकडच्या पक्षाला दोन टोले हाणले. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने तर मायेने मान हलवली. ही माणसं त्यांच्यावर प्रेम करत होती आणि त्यांना मोडीत काढत होती, एकाच वेळी, अगदी मनापासून.

"नदीवरचा पूल," त्या मोठ्याने म्हणाल्या, "या वर्षी होणार म्हणजे होणार."

हे आश्वासन त्या कधीपासून देतायत ते अख्ख्या मैदानाला पाठ होतं. पलीकडे खांदे हलले, दोघांनी तोंडावर टोप्या धरल्या. फादरांनी बोट दाखवताच तेही थांबलं.

मिस व्हर्नांनी चष्मा काढला.

"ऐका. तुम्हाला वाटतंय, तुम्ही मला मान देताय. मी ऑरिनला पुरलं. मला अजून कुणी पुरलेलं नाही. रसेल पेनिक, टोपी घाल डोक्यावर."

रसेल दोराजवळच उभा होता. त्याचे कान लाल झाले.

"तुझ्या बापाने याच मैदानात मला लबाड म्हटलं होतं. संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून दोन वेळा पीचचा केक मागून घेतला. आणि तू गप्प? आईने सांगितलं म्हणून?"

त्यांच्याच बाजूचे लोक फिसकन हसले.

"मिस व्हर्ना, मला तुमचा आदर आहे," रसेल कसाबसा म्हणाला.

"आदर घरी ठेव. इथं विचार, पूल कुठाय."

रसेलने फादरांकडे पाहिलं, मग आईकडे. आई जमिनीकडे बघत होती.

"पूल कुठाय?" तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही. वय झालंय माझं."

"पूल कुठाय, मिस व्हर्ना?" या वेळी आवाज पार भट्टीपर्यंत गेला, आणि मग पलीकडची सगळी बाजूच फुटली. रस्ते, दवाखाना, पाणीपट्टी, जे सुचेल ते. मिस व्हर्ना एकेकाला नावानिशी उत्तर देत होत्या, आवाज चढवत होत्या, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ दिसत होती. मंचाच्या पायरीवर लाइल डोकं धरून बसला होता.

थोड्या वेळाने रसेल दोर ओलांडून मंचाशी आला.

"तुझं नाव आजच्या वक्त्यांत नाही बाबा," फादर गोंधळून म्हणाले.

"माझा उरलेला वेळ त्याला द्या," मिस व्हर्ना म्हणाल्या. माइकचा दांडा त्यांनी स्वतः त्याच्या उंचीला वर ओढला आणि मागच्या घडीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"मी पुढच्या वर्षी या जागेसाठी उभा राहतोय," रसेल म्हणाला. पलीकडचे लोक बाकांवर चढले.

लाइल खुर्चीमागे येऊन वाकला. "काय करून बसलात हे? आपण हरू शकतो."

"हो," त्या म्हणाल्या. "हरू शकतो."

गलका निवल्यावर रसेलने घसा साफ केला. "सर्वात आधी, मिस व्हर्नांवर जो प्रसंग आलाय, त्याबद्दल मी आपल्या सर्वांच्या वतीने..."

दोन्ही बाजूंच्या टोप्या पुन्हा उतरायला लागल्या.

मिस व्हर्ना खुर्चीतून उठल्या. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ते राहू दे! शाळेचं छत गळतंय अजून, त्याचं सांग!"

रसेल वळला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या टोपीकडे पाहिलं, आणि टोपी घट्ट डोक्यावर बसवली.

"छताचा निधी तुमच्याच सिनेटने अडवलाय, मिस व्हर्ना! आणि अडवणाऱ्यांत तुमचाही हात वर होता!"

पलीकडून असा कल्ला उठला की झाडावरची पाखरं उडाली. डावीकडचेही गप्प बसले नाहीत.

मिस व्हर्ना खाली बसल्या. डोळे भरून आले होते, आणि लाइलला ते दिसू नयेत म्हणून त्यांनी काही केलं नाही.

"बरं उत्तर दिलं पोराने," त्या म्हणाल्या. "उद्यापासून घरोघर फिरायचंय, लाइल. हे असले बूट चालणार नाहीत. तुझ्या आईच्या घरापासून सुरुवात करू."