आखणी राहिलेली साइट

प्रविण रोह्याशेजारच्या अष्टमी गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, म्हणजे अख्ख्या रोह्यात त्याच्याएवढा विद्वान दुसरा नाही. नव्व्याण्णव साली पेणला रामवाडीत येऊन त्यानं आमच्या हैबतकाकांच्या गळी उतरवलं की गणपतीच्या कारखान्याला वेबसाइट पाहिजेच, परदेशातली मराठी माणसं घरबसल्या मूर्ती मागवतील. काकांनी कॉम्प्युटर घेतला, त्याला हार घातला आणि धूळ नको म्हणून वर टॉवेल टाकला.

मी भूमिका, काकांची पुतणी, जन्मापासून आंधळी. मुंबईच्या एका संस्थेत बोलता कॉम्प्युटर शिकून आले. पडद्यावरचं इंग्रजी तो वाचून दाखवतो, मी ऐकते आणि टाइप करते. काका चारचौघांत म्हणाले होते, साइट झाली की परदेशी ऑर्डरी भूमिकाच बघेल. जन्मात पहिल्यांदा मला कुणी काम देऊ केलं होतं. आईनं तर गडबच्या मावशीलासुद्धा कळवून टाकलं.

साइट झाली. कॉम्प्युटरात बोलायची सोय घालून मी ती उघडली. तो म्हणाला, "इमेज." खाली गेले, "इमेज." आणखी खाली, परत "इमेज." या शहाण्यानं मूर्तीच काय, नावं, उंची, भाव, पत्ता, सगळंच चित्र करून चिकटवलं होतं. का, तर अक्षरांना सोनेरी झळाळी पाहिजे! ऑर्डरचं बटणसुद्धा चित्रच. मी सांगितलं, बाबा रे, प्रत्येक चित्रामागे दोन शब्द लिहिता येतात, तेवढे लिही, म्हणजे मला ऐकू येईल. तर हसून म्हणतो, आंधळी माणसं कशाला येतायत गणपती बघायला. समोर बसलेली मी बहुतेक त्याला दिसले नसावे.

माझं डोकंच फिरलं. तडक काकांच्या पाटाजवळ गेले. काकांचं नाव आहे ते आखणीसाठी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्यासाठी. बाकीचा रंग कारागीर देतात, डोळे शेवटी काकाच आखतात. आणि ते झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर पडत नाही, गिऱ्हाईक दारात कितीही बोंबललं तरी.

"काका, आखणी राहिलेला गणपती कधी कुणाला दिलात?"

"नाय गो. असा कसा देईन?"

"मग ही साइट कशी दिलीत?"

काकांनी हातातला कुंचला खाली ठेवला. मग प्रविणला बोलावून म्हणाले, भूमिका सांगते तसं कर. त्या दिवशी मी हवेतच होते.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, पुढाऱ्याचं भाषण. अंधांसाठी दार उघडणारा कारखाना म्हणून टाळ्या पडल्या. साइटवर टाकायला माझा फोटोही काढला. शाल मेली नुसती टोचत होती. पेढे वाटून झाल्यावर मी काकांना विचारलं, उद्यापासून कामावर येऊ ना?

काका घुटमळले. "तुला कशाला गो दगदग? निकेशला बसवलाय."

निकेश म्हणजे प्रविणचा मेहुणा. कॉम्प्युटर चालू कुठून करायचा, हे त्यानं मलाच विचारलं होतं.

मी नारळ तिथंच ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. राग एवढा आला होता की बटणं सापडेनात. शेजारून निकेश कौतुकानं म्हणाला, ताई, सगळ्यात वर नवीन पाटी टाकलीय, सोनेरी अक्षरांत. आमची साइट आता अंध बंधुभगिनींसाठीही खुली आहे, असं लिहिलंय.

मी ती पाटी कॉम्प्युटरला वाचायला लावली.

"इमेज," तो म्हणाला.