साहेबांची टोपी

चोपड्याच्या पुढच्या त्या गावात गाडी थांबली आणि पहिला प्रश्न आला, "साहेब कोठे शेतस?"

मी हेमांगी. केळीच्या रोगांवर बावीस वर्षं काम करतेय आणि या प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन माझी जीभ झिजली. मी तोंड उघडायच्या आत, ज्यांची बाग बघायला आलो होतो त्या प्रेमराज आबांनी आमच्या ड्रायव्हरला, निंबाभाऊंना, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. पिकलेले केस, जाड चष्मा, चुरगळलेला शर्ट. झालं, शास्त्रज्ञ! मला कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

"आबा, मी ड्रायव्हर शे," निंबाभाऊ कळवळून म्हणाले.

आबा हसले. "मोठा मानसं आसाच ऱ्हातस. साधा."

कप्पाळ माझं!

आबांच्या केळीच्या बागेत हरण्या रोग शिरला होता. पानांवर पिवळे पट्टे, पोंगे म्हणजे मधली न उलगडलेली पानं सडलेली. रोगट झाडं आजच्या आज उपटून पुरली नाहीत, तर मावा कीड हा रोग शेजारच्या बागांत नेणार आणि अख्ख्या शिवाराची केळी जाणार. मी हे तीनदा सांगितलं. तीनदा उत्तर आलं, "हो ताई, पन साहेबले पाहू द्या."

शेवटी मीच निंबाभाऊंना खुणावलं. चार वर्षं ऐकून ऐकून माझं भाषण त्यांना पाठ झालंय. ते टोपी सावरत म्हणाले, "हाऊ हरण्या शे. बठ्ठा रोगट झाडं उपटी टाका!" माणसं कुदळी घेऊन धावली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच राग आला.

पण पुरायचं सांगायला निंबाभाऊ विसरले. झाडं बांधावर पडू लागली, शेजारच्या बागेला अगदी चिकटून. "अहो, खड्डा करून पुरा!" मी ओरडले. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. मग मी पदर खोचला, कुदळ उचलली आणि खणायला लागले. आबांच्या घरच्या भिकुबाई अक्का तेवढ्या मदतीला आल्या. ते बघून निंबाभाऊ धावले, त्यांच्यामागे बाकीचे.

संध्याकाळी माझी साडी चिकानं बरबटली होती. तो डाग जन्मात जात नाही. निरोप देताना आबा निंबाभाऊंना म्हणाले, "साहेब, तुमनी बाई कामले भलती चांगली शे."

रोग आटोक्यात आला. गावाचे फोन अजून माझ्याच नंबरवर येतात. "साहेब शेतस का?" आधी मी चिडायचे, समजावायचे. समजावलं की फोन ठेवून देत आणि भलतंच औषध फवारत. आता थकले. सरळ सांगते, "साहेब लॅबमध्ये आहेत. काय झालं ते सांगा, विचारून सांगते." फोन धरून दोन मिनिटं गप्प बसते आणि मग माझंच उत्तर देते. लगेच पटतं.

टोपी निंबाभाऊंच्या डोक्यावर बसली. गावाला टोपी घालतेय मात्र मी.