बिर्तुकानशेजारची जागा

आमच्या गावचं चर्च सिलासीचं, म्हणजे त्रैक्याचं. आत भिंतीवर तीन म्हातारे रंगवलेत. सारख्याच पांढऱ्या दाढ्या, सारखेच डोळे. त्यात पिता कोण आणि पुत्र कोण हे रंगवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मी बेलाचेव, तिथं तीस वर्षं कबरी खोदतोय. देवातलं मला फारसं कळत नाही, मातीतलं कळतं.

पलीकडच्या टेकडीवर ‘फक्त येशू’वाल्यांचं पत्र्याचं सभाघर आहे. त्यांचं म्हणणं, देवाचं नाव एकच, येशू. पिता तोच, पुत्र तोच, आत्माही तोच. आम्हाला ते ‘तीन म्हाताऱ्यांचे’ म्हणतात, आम्ही त्यांना ‘नावं गिळणारे’ म्हणतो. बाजारात एकमेकांचे कांदे चालतात, मढं चालत नाही. तीन नावांनी बाप्तिस्मा घेतलेल्याशिवाय आमच्या आवारात कुणाला मूठभर माती मिळत नाही.

झिनाश जन्माने आमच्यातली. ऐंशीव्या दिवशी तिला पाणी घातलं ते आमच्या चर्चचे पाद्री अब्बा यितबारेक यांनीच, आणि बाप्तिस्म्याचं नाव ठेवलं वेलेते सिलासी, त्रैक्याची लेक. तिची थोरली लेक, बिर्तुकान, तीन वर्षांची होऊन गोवराने गेली. अंजिराच्या झाडाखाली मीच तिला पुरलं. एवढ्या प्रार्थना करूनही पोर वाचली नाही म्हणून झिनाशचा नवरा तादेवोस अब्बांवर खवळला आणि बायकोला घेऊन टेकडीवाल्यांत गेला. त्यांनी तिला नदीत पुन्हा बुडवलं, एकाच नावाने. जुनं नाव घरात काढायचं नाही असा तादेवोसचा हुकूम होता.

याला नऊ वर्षं झाली. आता झिनाशची छाती पोखरली होती, रक्त पडत होतं. पदरात चार वर्षांची लिद्या. एक दिवस तिने मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, मला बिर्तुकानशेजारी पुरा, दुसरं काही नको. त्यासाठी परत यावं लागेल, पुन्हा पाणी घ्यावं लागेल, तीन नावं घ्यावी लागतील, हे तिला ठाऊक होतं.

मी निरोप घेऊन अब्बांकडे गेलो. म्हातारा खुलला. टेकडीवरून परत आलेलं माणूस म्हणजे रविवारच्या प्रवचनाला मेजवानीच. मी म्हटलं, अब्बा, एक अडचण आहे. आमच्याकडे सात वर्षं झाली की कबर मोकळी धरतात. हाडं काढून मागच्या खड्ड्यात टाकायची आणि नवं मढं आत. बिर्तुकानची जागा मी दोन वर्षांपूर्वीच उकरली होती, अब्बांच्याच सांगण्यावरून. तिथं आता धान्यवाल्या व्यापाऱ्याची आई होती. पोरीची चार हाडं शेकडो हाडांत कधीच मिसळून गेली होती.

अब्बांनी क्रूस हातात फिरवला. "मेंढरू घरी येतंय, बेलाचेव. कोण कुणाशेजारी निजलं ते वरचा बघेल. तू तोंड उघडायचं नाहीस."

मी नाही उघडलं. ज्याच्या घरची भाकरी खातो त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी झिनाशच्या अंथरुणाशी अब्बा आणि तादेवोस यांची जुंपली. तादेवोस म्हणाला, मी एकच माणूस, तरी कुणाचा बाप, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. म्हणून मी काय तीन झालो? अब्बा म्हणाले, सूर्याचा गोळा वेगळा, उजेड वेगळा, ऊब वेगळी, तरी सूर्य एकच ना? असं तासभर चाललं. मधे ती बाई खोकत होती, आणि तिला पाणी द्यायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. शेवटी तीच बोलली.

"एक की तीन ते तुम्ही बघा. मला एवढंच कळतं, माझी पोर तिथं एकटी आहे."

तादेवोस उठला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट.

"ती नावं तोंडातून काढलीस तर या घरात तुला कुणी नाही. लिद्याला मी घेऊन जाईन. मेलीस तरी दाखवायला आणणार नाही."

झिनाशने लिद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिने अब्बांचा क्रूस ओढून घेतला, त्याला ओठ लावले आणि म्हणाली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. अब्बांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, तीनदा. तादेवोसने पोरीला उचललं आणि निघून गेला. पोर ‘आई, आई’ करत वळणापर्यंत ऐकू येत होती.

अब्बांनी झिनाशला चर्चच्या मागच्या खोपटात आणून ठेवलं. रविवारी तिचं बाप्तिस्म्याचं नाव घेऊन प्रवचन झालं, बायका आनंदाने जिभा वाजवत ओरडल्या. खोपटात तिच्याकडे एकजणही फिरकली नाही. क्षय लागेल म्हणून. इंजेरा भाकरीचा तुकडा आणि पाणी मीच नेत होतो.

खोपटात आणल्यावर तिसऱ्या दिवशी तिला जरा हुशारी वाटत होती. मला जवळ बोलावून हसत म्हणाली, "काका, खोदताना कुदळ जपून चालवा हं. माझ्या पोरीला धक्का लागेल."

माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, सात वर्षं, व्यापाऱ्याची आई, मागचा खड्डा, अब्बांचा हुकूम. सांगताना मला रडू आलं, आणि खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं बरंही वाटलं. खरं बोलून आपण पुण्य जोडलं असं मला त्या क्षणी वाटत होतं. लाज वाटते आता.

तिने फक्त विचारलं, कुणी खोदलं? मी म्हटलं, मी. मग म्हणाली, जा आणि लिद्याला घेऊन या, तिच्या बापाला सांगा, ती तीनही नावं मी मागे घेते.

मी टेकडी चढून गेलो. तादेवोस दारातच उभा होता, त्याने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले त्याचे, मी पाहिलं. तरी म्हणाला, "मातीसाठी देव विकला ना तिने? मग आता मातीलाच हाक मारायला सांग." आणि दार लावून घेतलं.

मी परतलो तेव्हा ती भिंतीला टेकून वाट पाहत होती. मी एकटाच आलेला पाहून तिला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, माफ कर, पोरी, खरं सांगायलाच हवं होतं.

"चार दिवस आधी सांगितलं असतंत तर लिद्या माझ्या कुशीत असती," झिनाश म्हणाली. "चार दिवस थांबला असतात तर मी बिर्तुकानजवळ गेले असते. तुम्ही बरोबर मधला दिवस कसा हो शोधलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कुंपणाजवळ जागा होती, तिथं मी खोदलं.