रिकाम्या रकान्याबाबत

पेंटरचा अर्ज नामंजूर झाला. पण तो अजून लिहिलेलाच नाही, तेव्हा आपण काही ऐकलं नाही असं समजून गुपचूप रांगेत उभं राहू.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याची मुलगी आधी गेली आणि मग जन्मली. अशा उलट्या क्रमाचीही नोंद करावी लागते आणि ती जन्माच्याच खिडकीवर होते, रडत्या पोरांच्या बापांच्या रांगेत. तो दवाखान्यातून निघताना बायको एकच बोलली होती, "कागदावर तिचं नाव पाहिजे. नुसता कागद मला दाखवू नकोस."

पुढचा बाप जांभया देत होता. त्याच्या खांद्यावर ओकलेल्या दुधाचा डाग वाळला होता. पेंटरचा जळफळाट झाला. असा पांढरा त्याच्या एकाही डब्यात नव्हता.

"झोपेचं पार खोबरं झालंय हो," जांभईवाला म्हणाला. "रात्रभर भोकाड पसरते. तुमचं बाळ रडतं का?"

"नाही."

"नशीब काढलंत!"

पेंटरने मान डोलावली. त्याला ती जांभईसुद्धा हवी होती. एक देऊन पाहिली, जमली नाही.

जांभईवाल्याचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मुलीचं नाव?"

"ठरतंय कुठे! आई एक म्हणते, सासूबाई दुसरंच. घरात नुसती जुंपलीय."

"राहू द्या रिकामं. सावकाश कळवा." शिक्का बसला.

रिकामं! एवढा ऐसपैस रकाना, आणि हा माणूस तो तसाच टाकून जांभई देत निघून गेला. ज्याला दात आहेत त्याच्याकडे चणे नाहीत, हे पेंटरने ऐकलं होतं. चणे टाकून जाणारा तो पहिल्यांदाच बघत होता.

त्याचा दवाखान्याचा कागद पाहून बाईंचा आवाज खाली आला. त्यांनी वेगळा फॉर्म काढला.

"यात नावाची जागा कुठाय, मॅडम?"

"मृत जन्माला नाव घेत नाहीत, दादा."

"पण नाव आहे. ठरलेलं. घरी कुणाचं भांडणसुद्धा नाही."

"असेल हो. फॉर्मात जागाच नाही."

"मी बारीक लिहितो ना. रिक्षाच्या पाठीवर मालकाचं अख्खं खानदान बसवलंय मी, नातवंडांसकट."

बाई हसता हसता थांबल्या. "प्रश्न मापाचा नाही, दादा. हवं तर साध्या कागदावर विनंती लिहा. वर पाठवते."

त्यांनी कोरा कागद सरकवला. पेंटरने पाटीवर काढतो तसं टपोरं अक्षर काढलं:

"महोदय, माझ्यापुढच्या गृहस्थांच्या मुलीचा नावाचा रकाना सध्या विनावापर पडून आहे. त्यांच्या घरचे भांडण मिटेपर्यंत तो माझ्या मुलीस वापरण्यास द्यावा. भांडण मिटताच स्वच्छ पुसून परत करण्यात येईल. तरी सदर भांडण शक्य तितके लांबवण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती."