झाकायला सपाट जागा

मी बोलते ती जिव्याच्या गाडीवरची ताडपत्री. आता गाडीवर नाही, आणि पुरती ताडपत्रीही राहिले नाही. पण म्हातारी बाई ओळख सांगताना आधी माहेरचं गाव सांगते, तसंच माझं.

माझं माहेर नाशिकचं. जाड सुती कापड, त्याला मेण पाजलेलं, कडेनं दोर ओवायला पितळी कड्या. हल्ली त्या निळ्या प्लास्टिकच्या पोरी आल्यात, एका उन्हाळ्यात विरून जाणाऱ्या, त्यांच्यातली मी नव्हे. कोरडी असले तर मला एक माणूस खांद्यावर घेई. भिजले की दोघांना आवरत नसे.

जिव्या मोखाड्याकडचा. त्याची गाडी म्हणजे मालाचा ट्रक, मागे नुसता सपाट पाटा, बाजूला फळ्या नाहीत. मला घरी नेलं तेव्हा त्याच्या बायकोनं, भागीनं, अंगणात उलगडून माझ्या कोपऱ्याला कुंकू लावलं.

"एवढी मोठी? हिच्याखाली आपलं घर मावंल."

"घर नको. पोट मावलं म्हंजे झालं," जिव्या म्हणाला.

पाऊस सरला की आमच्या डोंगरांवरचं गवत कापतात. वखारीत आणून, यंत्रात दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि त्या घाट उतरून मुंबईकडच्या तबेल्यांना जातात. गवत उघडं नेता येत नाही. दव पडतं, पुढच्या गाडीतून फेकलेल्या बिडीची ठिणगी येते, आणि पोलिसाला दिसलं तर तो शिट्टी मारतो.

झाकलं पाहिजे, हे सगळ्यांना पटतं. कुठं झाकायचं ते कुणी सांगत नाही. वखारीत पाटी लावलेली, मालावर चढू नये. मुकादम म्हणे, "भरलं ना? आता बाहेर काढ गाडी. झाकायचं ते बाहेर." बाहेर रस्ता, आणि रस्त्याला उतार. पेट्रोल पंपावर जावं तर, "इथं पसारा नको." झाडाखाली थांबावं तर डोक्यावर विजेची तार. जव्हारात बाजाराची गर्दी, आणि घाटात एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. मी आयुष्यभर हेच पाहिलं. काम झालंच पाहिजे म्हणतात सगळे, फक्त आपल्या दारात नको.

काळ्या म्हणून जिव्याचा जोडीदार होता, तोही गाडीवालाच. वखारीबाहेरच्या उतारावर झाकायला चढला आणि वारा ताडपत्रीत शिरला. वारा शिरला की आम्ही आमच्या राहत नाही, शीड होतो. धरणारा माणूस मग पाचोळ्यासारखा. काळ्या कमरेवर पडला. आता त्याला शेळ्यांमागंही जाववत नाही.

भागी त्याला बघून आली. त्या दिवसापासून जिव्या निघाला की ती दारात उभी राहून एकच विचारी. बाकीच्या बायका कधी येशील म्हणून विचारतात. ही विचारायची, "आज कुठं झाकशील?"

जिव्याला क्लीनर मिळेना. पोरं बोईसरच्या कारखान्यांत गेलेली. एकट्यानंच चढायचं, एकट्यानंच दोर फेकायचा, उतरून पलीकडं जाऊन तोच दोर ओढायचा.

पोशेऱ्याच्या वळणापलीकडं रस्त्याला लागून एक सपाट जागा होती. सुकरी नावाच्या म्हातारीचं खळं, तिच्या भाताच्या मळणीची जागा. जिव्यानं पहिल्यांदा तिथं गाडी घातली, तेव्हा ती हातात कोयता घेऊनच आली.

"कोणाला विचारून घातलीस रं?"

"मावशे, तेवढं झाकून जातो. रस्त्यावर चढलो तर काळ्यासारखा पडंन."

"कोण काळ्या?"

जिव्यानं सांगितलं. म्हातारीनं कोयता खाली टेकला.

"झाक. पण दिवाळीच्या तोंडाला मी खळं सारवते. मग रास पुजेपर्यंत तिथं चाक नाय, चप्पल नाय, परक्याचा पाय नाय. तवा यायचं नाय."

"मग तवा कुठं जाऊ?"

"मला काय विचारतंस? मी काय रस्त्याची सायब हाय?"

पुढं दुसरेही गाडीवाले येऊ लागले. सुकरी दगडावर बसून सगळ्यांची थट्टा करी. "ओढ की जोरानं. भाकरीवर मीठ टाकतोस का?" मी कुठं फाटले तर दाभण आणि सुतळी घेऊन शिवायला तीच बसे. माझ्या अंगावरची ठिगळं सगळी तिच्या हातची. टाका वाकडा, पण सुटायचा नाही.

तरी घोळ होताच. गवताचा हंगाम आणि मळणीचा हंगाम एकच. जागा लागे तेव्हाच ती बंद. ते आठवडे जिव्या वळणावरच चाकाला दगड लावून चढे, आणि सुकरी सारवलेल्या खळ्यावरून बघत राही. रीत ती रीत. तिलाही ती मोडवत नव्हती.

अशाच एका दुपारी आभाळ भरून आलं. दिवाळीत पाऊस येत नसे पूर्वी, आता त्याचा नेम राहिला नाही. जिव्यानं वळणावर गाडी थांबवली. गवत उघडं होतं, मी वर गुंडाळून ठेवलेली. तो चढणार, एवढ्यात त्याला सुकरी दिसली. खळ्यावर भाताची रास, वर्षाचं खाणं, आणि ती एकटी त्यावर पेंढा टाकत होती. नवरा बाबल्या घरात दम्यानं पडलेला. पेंढ्यानं कुठं पाऊस अडतो?

जिव्यानं मला खाली ओढलं, खांद्यावर घेतलं. खळ्याच्या कडेला येऊन चपला काढल्या आणि तिथंच थांबला.

"मावशे, पाय ठेवू?"

"रास पुजली नाय अजून."

"मग पूज. मी उभा हाय."

तिनं आभाळाकडं पाहिलं. पुजायला जवळ काहीच नव्हतं, नारळ नाही की फूल नाही. तिनं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटानं पुसून घेतलं, वाकून राशीला लावलं आणि म्हणाली, "ये आता. लवकर."

दोघांनी मला पसरलं. थेंब पडायला लागले तेव्हा माझ्या कडांवर दगड होते आणि भात माझ्या पोटाशी होतं. रस्त्यावर गवत भिजत उभं होतं. मी त्याचीच होते, पण मला दोन ठिकाणी होता येत नाही.

"तुझं गवत रं?" सुकरीनं विचारलं.

"गवत काय, परत उगवंल."

"भात पण उगवतं. खायाला तवर माणूस राह्यला पायजे."

ते गवत तबेल्यावर पोचेपर्यंत आतून तापलं, वास मारू लागलं. कुणी उतरवून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी सुकरीनं खळं आत नेलं, घराजवळ. तिथं उतार होता. तो खणून सपाट करावा लागला. बाबल्या दोन घाव घालून बसे, ती चार घाले. सारवायला भागीही गेली. रस्त्याकडची जागा मोकळी सोडून म्हातारी म्हणाली, "आता कवाबी या."

भागीनं मग दारात विचारणं सोडलं. तिला उत्तर माहीत होतं.

मग रस्ता रुंद झाला. चांगलंच झालं म्हणतात, आणि असेलही. पण ती सपाट जागा डांबराखाली गेली. गाड्यांना पळायला जागा मिळाली, थांबायला नाही. सुट्टीच्या दिवशी दाभोशाचा धबधबा बघायला निघालेल्या मोटारी त्या वळणावरून सुसाट जातात.

मीही विरले. जिव्यानं निळं प्लास्टिक घेतलं आणि मला सुकरीकडं ठेवलं. माझा मोठा तुकडा तिच्या पेंढ्यावर पडून असतो. कड्या हिरव्या पडल्यात. उंदरांनी एक कोपरा नेला, भागीनं कुंकू लावलेला तोच.

जिव्याचे गुडघे गेलेत, तरी तो चढतो. भागी पुन्हा दारात उभी राहते. "आज कुठं झाकशील?" तो म्हणतो, "म्हातारीकडं." जागा नाही, तरी गाडी तो तिथंच थांबवतो आणि हॉर्न देतो.

सुकरी बाहेर येते. माझाच एक तुकडा तिनं गेरूत बुडवून काठीला बांधलाय. तो घेऊन ती वळणावर उभी राहते. हात दुखला की काठी दुसऱ्या हातात घेते. मी तिच्या डोक्यावर फडफडते. एवढंच काम उरलंय मला, आणि तेही झेपत नाही.

परवा एक मोटारवाला काच खाली करून ओरडला, "आजी, रस्त्यात काय उभी राहिलीस? बाजूला हो."

ती हलली नाही. काठीनं वर दाखवलं. जिव्या गाठींवर गुडघ्यावर बसून दोर आवळत होता.

"तो वर हाय," ती म्हणाली. "उतरू दे त्याला."

तुम्हीही कधी त्या वाटेनं याल. काठीला बांधलेलं लाल फडकं दिसलं, तर ती मी. घटकाभर थांबा. तो उतरला की मी खाली होते.