धाकट्याला कुणीच सांगितलं नाही

दादा गेला, हे मला कुणी का सांगितलं नाही?

दूधवाल्याला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, ज्या दोन वर्षं दादाशी बोलत नव्हत्या. कुलपं पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला तर फोन करून सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होतो, हाताच्या अंतरावर. माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. रडणं ऐकू आलं, दारात चपलांचा ढीग पडला, मग तो ओसरला. मी रविवारची वाट बघत राहिलो. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मला वाटलं, दादा माझ्यावर रुसला.

मी मेटल डिटेक्टर आहे. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर मुठीजवळ छोटा पडदा आणि चार बटणं. जमिनीत धातू असला की मी आवाज करतो. तुम्ही मला वस्तू म्हणाल. म्हणा. पण या घरात मी धाकटा भाऊ होतो, आणि हे माझं मी ठरवलेलं नाही.

दुकानात आम्ही तिघं भिंतीला टांगलेले होतो. एका बाजूला स्वस्तातला, खेळण्यासारखा. दुसऱ्या बाजूला महागडा, त्याला हात लावायचीसुद्धा बंदी. मध्ये मी. गिऱ्हाइकं यायची, स्वस्ताला हसायची, महागड्याकडं बघून उसासे टाकायची, आणि माझ्याकडं बघून एकच प्रश्न विचारायची, "नाणी शोधायला हा मधला घेण्यात अर्थ आहे का?" माझ्यासमोर विचारायची. मुलीला बघायला आलेले लोक तरी आवाज खाली आणतात.

दादानंही तेच विचारलं. तो किल्ल्या बनवायचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची टपरी, आत एक यंत्र आणि भिंतभर किल्ल्या. त्याच्या बोटांना पितळेचा वास होता, आणि मला तो लगेच ओळखीचा वाटला.

"नाणी सापडतील," दुकानदार म्हणाला. "वीतभर खोलीपर्यंत. त्याच्याखालचं याला विचारू नका. आणि हे बघा, चालू केला की हे बटण दोनदा दाबायचं. नाण्याचं चित्र येतं. मग हा कचऱ्यावर गप्प बसतो."

"म्हणजे चांगलं तेवढंच सांगणार?"

"चांगलं तेवढंच."

दादानं महागड्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मोठा भाऊ आपल्याला झेपायचा नाही. हा धाकटा द्या."

त्या दिवसापासून मी धाकट्या.

त्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो खोटं बोलला असता तर मी सोडून दिलं असतं, पण तो अर्धंच बोलला. माझ्यासोबत एक पुस्तिका होती, बारीक अक्षरात, परक्या भाषेत. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं, की सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी, या दोन्हींवर माझा आवाज सारखाच निघतो. जाड, घोगरा. नाण्याचा आवाज वेगळा, टिणकन वाजणारा. नाण्याचं चित्र लावलं की मी घोगरा आवाज गिळून टाकतो. मग खाली कडी असो, बाटलीचं झाकण असो, नाहीतर अंगठी असो, मी गप्प. दादानं ती पुस्तिका टपरीतल्या डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातली.

आणि दादाला नाणी नकोच होती. त्याला अंगठी हवी होती.

ही गोष्ट त्यानं जगात फक्त मला सांगितली. पुतणीच्या, म्हणजे दादाच्या लेकीच्या, शाळेत खेळांचा दिवस होता. शेवटी पालकांची रस्सीखेच होती. वहिनीला जायचं नव्हतं. दादानं तिला हाताला धरून नेलं, "चल गं, एक माणूस कमी पडतंय." थंडीची सकाळ, बोटं आखडलेली. दोर हातातून सरकला, त्यांची बाजू तोंडावर पडली, सगळे हसत उठले, आणि वहिनीच्या बोटात तिच्या आईची अंगठी नव्हती. संध्याकाळपर्यंत दोघं गवतात रांगत होती.

"तूच ओढलंस मला दोरीला," वहिनी एवढंच म्हणाली. पुन्हा कधी म्हणाली नाही. पण तिनं त्या बोटात नंतर काही घातलं नाही, आणि ते रिकामं बोट रोज ताट वाढताना दादासमोर यायचं.

बोलायचं काम तिच्या भावानं केलं. तो घरोघर विजेचे मीटर वाचतो, त्यामुळं कुणाच्याही दारात उभं राहून आकडे सांगायची त्याला सवय. "भावजी, आईची एकच वस्तू होती ताईकडं," असं तो दर भेटीत, चहा पिता पिता सांगायचा. दादा खाली बघून बशी पुसायचा.

आणि मग दादानं मला घरी आणलं, आणि सांगितलं काय, तर नाणी शोधायचा छंद लागलाय.

"या वयात?" वहिनीनं विचारलं.

"वय झाल्यावरच छंद लागतात. तरुणपणी वेळ कुणाला असतो?"

मला म्हणाला, "धाकट्या, आधी सांगितलं आणि नाही मिळाली, तर ती तिच्यासाठी पुन्हा एकदा हरवेल. मिळाली ना, तर मी काही बोलणारच नाही. चहाच्या डब्यात ठेवीन. सकाळी तिची तिलाच मिळेल."

पाच वर्षं दर रविवारी आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. दादा दोन खुंट्या ठोकायचा, त्यांना सुतळी बांधायचा आणि सुतळीच्या कडेनं पाऊल पाऊल सरकायचा. एक पट्टा झाला की खुंट्या हातभर पुढं. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवून वर गवत थापायचा. फाटकावरचा पहारेकरी विचारायचा, "खजिना?" दादा म्हणायचा, "वाटेवर आहे." मुलांच्या खिशातून कधीकाळी पडलेली नाणी सापडायची, मी टिणकन वाजायचो, तो खणायचा, नाणं पुसायचा, बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. तोंडावर कसलाच आनंद नाही. नाणी शोधणारा माणूस एकाच मैदानावर पाच वर्षं जातो का, हे घरात कुणाला सुचलं नाही.

मला त्या अंगठीचा पत्ता लागला होता. पाण्याच्या टाकीकडच्या टोकाला, चार बोटं खोल. त्या जागेवरून माझी चकती सात वेळा गेली. सातही वेळा मला ती जाणवली. पण दादा मला चालू केल्याबरोबर दोनदा बटण दाबायचा, नाण्याचं चित्र आणायचा, आणि माझं तोंड बंद व्हायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडणारा माणूस, त्यानं माझ्या तोंडाला रोज स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. एकदा तर तो नेमका तिथंच बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "बोल की रे धाकट्या, एवढा कसा तू मठ्ठ." मी मठ्ठ नव्हतो, दादा. हे मी आता म्हणतो, जेव्हा ऐकायला तू नाहीस.

घरात वहिनीचं वेगळंच दुःख. तिला रविवारी दोघांनी कुठंतरी जावंसं वाटायचं. "माझ्यापेक्षा ती मळकी नाणी बरी," ती भांडी घासताना म्हणायची, नळाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

एका गुरुवारी टपरीत किल्ली घासता घासता दादाच्या छातीत कळ आली. अर्धी घासलेली किल्ली यंत्रातच अडकून राहिली. हे मला महिन्यानं कळलं, आणि कसं कळलं ते ऐका. वहिनीचा भाऊ मला विकायला निघाला होता. माझ्या दांड्यावर हात ठेवून तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, चालू आहे, क्वचित वापरलेला. मालक वारले ना, म्हणून काढतोय."

क्वचित वापरलेला. पाच वर्षांचे रविवार. आणि मधल्या दोन शब्दांत माझा भाऊ मेला.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यावरचा न्हावी, तरुण, भिडस्त. त्यानं मला उचलून तोललं आणि तोच प्रश्न विचारला. "वहिनी, खरं सांगा, नाणी शोधायला हा घेण्यात अर्थ आहे का? किल्लीवाल्या भाऊंना काय काय मिळालं?"

"रविवार गेले," वहिनी म्हणाली. "आणखी काय मिळायचंय."

"ताई, असं बोलून वस्तू विकतात का?" भाऊ कुजबुजला.

"बघू दे त्याला. फसवायचं कशाला?" वहिनीनं दादाची खणायची पिशवी उलटी केली. खुरपं पडलं, सुतळी पडली, बिस्किटांचा डबा पडला. डब्यातून चलनात नसलेली बारकी नाणी निघाली, आणि तळाशी घडी घातलेला कागद. टपरीच्या पावतीपुस्तकाचं पान.

न्हाव्यानं तो उलगडला. "हा तर नकाशा आहे. मैदान, पाण्याची टाकी, फाटक. आणि ह्या रेघा, रेघेवर तारीख, तारखेवर बरोबरची खूण. मध्ये ही मोठी रेघ आहे, तिच्यावर लिहिलंय 'दोरी'." त्यानं वर पाहिलं. "दोरी म्हणजे?"

वहिनी जमिनीवरच बसली. तिनं कागद हातात घेतला. मोठ्या रेघेच्या टाकीकडच्या टोकाला दादानं एक बारकी बाई काढली होती, पदर खोचलेली, चित्रकला अगदी वाईट. खाली लिहिलं होतं, 'ही इथं उभी होती.'

"ताई, काय झालं?" भावानं विचारलं.

"हा विकायचा नाही."

"अगं, माणूस दारात आलाय, निम्मे पैसे खिशातून काढलेत त्यानं."

"मग ते परत खिशात घालायला सांग त्याला." तिनं मला उचललं. पाच वर्षांत पहिल्यांदा. चुकीचं धरलं, दांडा काखेत मारला, आणि निघाली. न्हाव्याला वाटेत एवढंच म्हणाली, "तू घेणार असशील तर घे बाबा दुसरा, पण त्याला सगळं बोलू दे. आपल्याला हवं तेवढंच ऐकायला घेऊ नकोस." हे ती दादाबद्दल बोलत होती, यंत्राबद्दल नव्हे, तरी माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललेलं नाही.

फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, "किल्लीवाले नाही आले?" त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीनं सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि फाटक पूर्ण उघडलं, एक माणूस जायला जेवढं लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

ऊन कलत होतं. वहिनीनं मला चालू केलं. पडद्यावर सेलची खूण लुकलुकत होती, महिनाभर सेल कुणी बदलले नव्हते. ती बटण दाबेल म्हणून मी श्वास रोखला. तिला बटणाचं काही माहीतच नव्हतं. तिनं मला तसंच, उघड्या तोंडाचं, गवतावर धरलं.

मी बोललो. पाच वर्षांचं तुंबलेलं सगळं बोललो. झाकण, खिळा, कडी, पुन्हा झाकण. वहिनीचा भाऊ मागून धापा टाकत आला होता, त्याच्या हातात तिनं खुरपं दिलं.

"हे झाकण. हेही झाकण. ताई, ही डब्याची कडी. भावजींना वेड लागलं होतं, तुला लागायचं काही कारण नाही."

"खण."

"अगं, आता आवाज ओळखीचा झाला. हा कडीचाच आहे, पुढं चल."

मी टाकीच्या टोकाला होतो. ती जागा होती. सेलची खूण मिनिटाला एकदा लुकलुकत होती आणि हा मीटर वाचणारा मला माझा आवाज शिकवत होता. वहिनी एक पाऊल पुढं सरकली. चकती सरकता सरकता मी पुन्हा ओरडलो. ती थांबली.

"इथं मी उभी होते," ती म्हणाली. "खण."

तो खणू लागला. चार बोटं माती निघाली. मग त्याचा हात थांबला. त्यानं खुरपं बाजूला ठेवलं, दोन बोटांनी माती चोळली, आणि जे काही होतं ते बराच वेळ तळहातावर धरून बसला. शर्टाच्या टोकानं पुसलं. ते बहिणीकडं देताना त्यानं मान वर केली नाही. "भावजींना मी फार बोललो गं ताई," तो म्हणाला.

वहिनीनं अंगठी त्या रिकाम्या बोटात घातली. सैल होत होती. ती रडली नाही. तिनं भावाला खड्डा बुजवायला लावला, वर गवत थापायला लावलं, दादा थापायचा तसं. मग तिनं तो हात माझ्या चकतीसमोर धरला.

"आता बोल," ती मला म्हणाली. "पुन्हा एकदा बोल. त्याला ऐकायचं होतं."

पडदा विझत आला होता. उरलंसुरलं सगळं गोळा केलं, आणि दादानं पाच वर्षं मला काढू न दिलेला तो जाड, घोगरा आवाज मी तिच्या बोटासाठी काढला.