ढेकूळ फोडण्याआधी

मी एक जुनी चाळणी आहे. पितळी कडं, त्यात ताणून बसवलेली तारेची जाळी आणि जाळीचं प्रत्येक भोक बरोबर दोन मिलिमीटरचं. मित्रांनो, पीठ चाळण्याचं भाग्य माझ्या नशिबी नव्हतं. मी माती चाळते. एकतीस वर्षं चाळली. आणि त्या एकतीस वर्षांत मला माती कळलीच नव्हती, हे ज्या दिवशी समजलं त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या तारांमधून गेलेला नाही.

ज्या कारखान्यात मी घडले, तिथे जाड चष्म्याची एक बाई भिंगाखाली आमची भोकं तपासायची. माझ्या आधीच्या तीन चाळण्या तिने भंगारात टाकल्या. एकीचं तर एकच भोक किंचित मोठं होतं. मला तिने उजेडासमोर धरलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाली, "ही जाईल." त्या दोन शब्दांवर मी किती वर्षं फुगून बसले होते, काय सांगू!

माझी रवानगी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. एक लांबट खोली, पांढऱ्या फरशीचं टेबल, वाळवणाचे पत्र्याचे ट्रे आणि खिडकीतून खाली दिसणारी नदी. मला हाताळायचे ते एक मामा. त्यांच्या भुवयांवर, कानांवर, चहाच्या कपावरही मातीचा थर असायचा, म्हणून सगळे त्यांना भुकटीमामा म्हणायचे. काम ठरलेलं होतं. शेतातून पिशवीत माती आली की मामा ती सावलीत वाळवायचे, लाकडी हातोडीने ढेकळं फोडायचे आणि माझ्यात ओतायचे. खाली पडली ती माती तपासणीला जायची. वर उरलं ते कचऱ्याच्या डब्यात.

वर काय उरायचं? केसांसारखी मुळं, गांडुळांचे मुगाएवढे कोश, कधी वाळून चुरमडलेली एखादी गोम. मी मनातल्या मनात नाक मुरडायचे. घाण कुठली!

खाली पडलेल्या भुकटीचं भवितव्य बाई ठरवायच्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, शिस्तीच्या इतक्या की घड्याळाने त्यांच्याकडे बघून वेळ लावावी. त्यांच्या कागदावर चार रकाने होते: सामू, म्हणजे माती आम्ल आहे की अल्क त्याचं माप, आणि मग नत्र, स्फुरद, पालाश. चारही आकडे पट्टीत बसले की कागदावर हिरवा शिक्का पडायचा, 'उत्तम'. बाहेरून कोणी पाहायला आलं की बाई मला हातात घेऊन सांगायच्या, "आमच्या नमुन्यात चुकून एक खडासुद्धा जात नाही." मग मी कशाला कोणाचं ऐकते!

अशातच एक दिवस गाजरवाली आली.

ती वरच्या उतारावर गाजरं पिकवायची, म्हणून हे नाव. लागोपाठ तीन हंगाम तिच्या गाजरांना खाली दोन-दोन फाटे फुटत होते. एक गाजर तिने टेबलावर ठेवलं तेव्हा मामांना हसू आवरेना.

"अगं, याने तर पायजमा घातलाय!"

"हसा मामा, हसा," ती म्हणाली. "बाजारात पण असेच हसतात आणि घेत मात्र नाहीत. खाली माती दगडासारखी झालीय, मूळ शिरायलाच जागा नाही. पाऊस पडला की पाणी आत जात नाही, वरच्या वर पळतं. आणि तुमचा कागद म्हणतो जमीन उत्तम!"

"आकडे खोटं बोलत नाहीत," बाई कोरडेपणाने म्हणाल्या.

"नसतीलही. पण माझा दादा त्या आकड्यांवर नाचतोय ना." तिने पिशवीची गाठ सोडता सोडता सगळं सांगून टाकलं. जमीन वडिलांच्या नावावर. दादाला तिथे फरशी करून ट्रक उभे करायला जागा काढायची होती. वडिलांनी शब्द दिला होता: दोष जमिनीत असेल तर मुलीला ती सुधारायला वेळ देईन, दोष तिच्यात असेल तर जमीन मुलाला. आणि दादा आमचा हिरवा शिक्का सगळ्यांना दाखवत म्हणत होता, नाचता येईना अंगण वाकडं. "उद्या बाबा ठरवणार आहेत. म्हणून आज परत तपासा. पण माझ्या पद्धतीने."

मामांनी सवयीने हातोडी उचलली. तिने पटकन त्यांचं मनगट धरलं.

"मामा, फोडू नका!"

एकतीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. मामा हातोडी तशीच वर धरून उभे राहिले.

तिने दोन वाळलेली ढेकळं काढली. एक शेताच्या मधलं. दुसरं त्याच शेताच्या कडेला, कुंपणाखालचं, जिथे नांगर कधी पोचत नाही. माती तीच, रंगही जवळपास तोच. गाजरं धुताना तिच्या लक्षात आलं होतं की कडेला आपोआप उगवलेल्या गाजरांची माती टबात तळाला दाण्यादाण्याने बसते आणि मधल्या गाजरांची माती पाण्यात हात घालताच पाण्यालाच रंगवून टाकते. तिने दोन काचेचे पेले मागितले, पाण्याने भरले आणि दोन्ही ढेकळं अलगद आत सोडली.

शेतातल्या ढेकळातून बुडबुडे आले. मग त्याचा एक कोपरा ढासळला, मग दुसरा. मी मनातल्या मनात वीस मोजेपर्यंत ते पुरतं कोसळलं होतं आणि पेल्यात गढूळ पाणी. कुंपणाखालचं ढेकूळ मात्र बसलं होतं तसंच. पाणी स्वच्छ, इतकं की पलीकडची खिडकी दिसत होती.

"एका ढेकळावरून शास्त्र होत नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी पिशवीतली आणखी सहा-सहा ढेकळं घेतली, समोर घड्याळ ठेवलं. तेच झालं. मग त्यांनी कुंपणाखालच्या मातीचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.

"मामा, इकडे या. बघा."

मामांनी डोळा लावला. आत पांढरे, कोळ्याच्या जाळ्यापेक्षाही बारीक धागे होते, बुरशीचे. त्यांनी आणि मुळांनी मातीच्या कणांना घट्ट बांधून ठेवलं होतं. जिवाणूंचा आणि गांडुळांचा चिकट स्राव त्यात गोंदासारखा भरला होता. कणांच्या मधे पोकळ्या होत्या. पाणी उतरायला, मुळांना श्वास घ्यायला. हे असं बांधलेलं घर होतं.

मामा हळूच म्हणाले, "बाई, ही मुळं, हे कोश... हे तर मी रोज डब्यात टाकतो."

मित्रांनो, मला पाय असते तर मी तिथून पळून गेले असते. घर उभं आहे की पडलं हे तपासायला लोक आमच्याकडे येत होते आणि आम्ही काय करत होतो? आधी हातोडीने घर पाडत होतो, मग राहणाऱ्यांना गाळून फेकत होतो आणि उरलेल्या विटांचा चुरा मोजून सांगत होतो, घर उत्तम आहे! खतातून आलेलं नत्र-स्फुरद आकड्यांत बरोबर दिसायचं. जमीन मेलेली असली तरी दिसायचं. आणि कारखान्यातल्या बाईने माझं एकेक भोक पारखलं, पण वर काय अडकणार हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

पण धक्का तिथे संपला नाही. ट्रेमध्ये त्या आठवड्यात आलेल्या चाळीसेक शेतांची माती अजून फोडायची होती. बाईंनी मिळतील तेवढे पेले, बरण्या, चहाचे कप गोळा केले आणि प्रत्येकात एक-एक ढेकूळ सोडलं. टेबलभर पाणी गढूळ होत गेलं. एक विरघळलं, दुसरं विरघळलं, पाच तगली, बाकी सगळी गेली. बाई खिडकीपाशी गेल्या. खाली नदी त्याच रंगाची वाहत होती.

दुसऱ्या दिवशी गाजरवाली वडिलांना आणि दादाला घेऊन आली. बाईंनी नवा कागद पुढे केला. त्यावर शिक्का नव्हता, फक्त हाताने लिहिलेलं एक वाक्य होतं: 'ही जमीन आजारी आहे.'

दादा उसळला. "काल उत्तम, आज आजारी? शिक्का तुमचा, सही तुमची!"

"हो," बाई म्हणाल्या. "चूकही माझी."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने चूक कबूल केली की त्याची फार पंचाईत होते.

वडील मात्र पेल्यांपाशी जाऊन उभे होते. कुंपणाखालचं ढेकूळ कालपासून पाण्यात होतं आणि अजून शाबूत होतं. त्यांनी विचारलं, "याला खत कोण घालतं?"

"कोणी नाही, बाबा."

"नांगरतं कोण?"

"कोणीच नाही."

म्हाताऱ्याने पेला उचलून उजेडासमोर धरला. सगळ्यात स्वच्छ शेत ठेवणारा म्हणून त्याचं नाव होतं. काडी-कचरा जाळायचा, वर्षाला पाच-सहा वेळा नांगरायचा, गवताचं पातं ठेवायचा नाही. मातीत घुसलेली हवा आणि उघड्या जमिनीवर पडलेलं ऊन यांनी तो गोंद वर्षानुवर्षं खाऊन टाकला होता.

"म्हणजे पोरीने नाही," तो म्हणाला, "मीच केलं हे."

दादा अजून हरायला तयार नव्हता. "मग फरशीच करू ना बाबा. निदान माती वाहून तरी जाणार नाही!"

"माती नाही जाणार. पाणी कुठे जाईल?"

"जाईल की खाली."

"खाली कोणाचं घर आहे रे?"

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गेल्या पावसाळ्यात त्याच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. पलंग, कपाट, लेकीची वह्या-पुस्तकं, सगळं गेलं होतं, आणि त्याने नदीला शिव्या घातल्या होत्या. ते पाणी नदीचं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या उत्तम शेताने प्यायला नकार दिलेलं ते पाणी होतं.

"तीन वर्षं देतो तुला," वडील मुलीला म्हणाले. मग थांबून म्हणाले, "नाही. मागतो. तीन वर्षं काम करशील का माझ्या जमिनीवर?"

"करते, बाबा. पण तुम्ही नांगराला हात लावायचा नाही."

"आणि काडी?"

"काडीपेटी माझ्याकडे द्या."

बाईंनी त्यानंतर पुस्तकं उघडली आणि मामांना मोठ्याने वाचून दाखवली, त्यामुळे मीही ऐकलं. जगातल्या मातीत जेवढा कार्बन साठलेला आहे, तेवढा सगळी हवा आणि सगळी झाडं-झुडपं मिळूनही नाही. माती मेली की त्यातला कितीतरी वायू होऊन वर जातो आणि हवा आणखी तापते. तापलेल्या हवेतून पाऊस कोसळतो तेव्हा तीच मेलेली माती त्याला पिऊ शकत नाही. मग एका गावात पूर आणि दोन महिन्यांनी त्याच गावात टँकर. मी एवढीशी चाळणी, वीतभर रुंदीची! माझ्या जाळीवर हे सगळं अडकत होतं, आणि मी त्याला घाण म्हणत होते.

मग बाईंनी ज्यांना ज्यांना 'उत्तम' म्हणून कळवलं होतं त्या सगळ्यांना पत्रं लिहिली: आमची तपासणी अपुरी होती, ढेकूळ घेऊन परत या. काही आले. काहींनी शिव्यांची उत्तरं पाठवली. पण बरीच पत्रं जशीच्या तशी परत आली. पाकिटावर एवढंच, 'या पत्त्यावर आता कोणी राहत नाही.' पिकेना म्हणून माणसं शहरात निघून गेली होती, आणि जाताना बहुतेकांना वाटलं असणार की दोष त्यांचाच आहे. कारण त्यांच्या घरात आमचा हिरवा शिक्का होता. भुकटीमामा ती पाकिटं टेबलावर एकावर एक ठेवत राहिले. त्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही.

आता मी बहुतेक वेळ खिळ्याला टांगलेली असते. माझ्या कड्याला हिरवट गंज धरलाय. मला त्याचं दुःख नाही. कधीमधी चाळायला काढतात, पण आधी ढेकूळ पाण्यात जातं आणि माझ्यावर उरलेलं सगळं भिंगाखाली.

गाजरवालीने जमीन पाल्याने झाकली, मधल्या हंगामात घेवडा लावला, नांगर बंद केला. पहिल्या वर्षी तिचं ढेकूळ तसंच विरघळलं आणि तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा वडीलही बरोबर होते. ढेकूळ पेल्यात सोडलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. दादाही दारात येऊन उभा राहिला होता. चार मिनिटांनी ढेकळाचा कोपरा ढासळला. पण तोपर्यंत म्हाताऱ्याने श्वास घेतला नव्हता. "चार मिनिटं!" तो ओरडला आणि लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मैदानातलं, परसातलं, रस्त्याकडेच्या झाडाखालचं एक वाळलेलं ढेकूळ घ्या. फोडू नका. पाण्याच्या पेल्यात सोडा आणि मोजा. तगलं, तर ज्याने त्या जागेला सुखाने जगू दिलं त्याचे आभार माना. आणि विरघळलं, तर तो पेला ओतून देऊ नका. तसाच गढूळ उचला आणि तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या पुढ्यात नेऊन ठेवा.